मंगेशीचा देव आदिलशाही मुलखात का गेला?

रानवाटा
गेल्या महिन्यात फोंडा महालात जाणे झाले. मंगेशी, म्हार्दोळ, कवळे अशी नेहमीची देवळे करून परतताना साफा मशिदीपाशी थांबलो. जांभ्या दगडाच्या चौथऱ्यावरची ती छोटेखानी मशीद, तिचे कौलारू छप्पर आणि बाजूची पायऱ्यांची तळी पाहताना एक जुनाच प्रश्न नव्याने पडला, म्हणून हा धागा काढत आहे. ही मशीद अली आदिलशहाच्या काळात १५६० साली बांधली गेली असे सांगतात. मंगेशाचे लिंग कुशस्थळीहून, म्हणजे आजच्या कुठ्ठाळीहून, जुवारी ओलांडून प्रियोळला आणले गेले तेही १५६० सालीच. म्हणजे दोन-तीन कोसांच्या अंतरात एकाच सुमारास एक मशीद उभी राहत होती आणि एक देव आश्रयाला येत होता.

सुलतानाच्या राज्यातून देव लपवून बाहेर नेल्याच्या कथा आपण लहानपणापासून ऐकतो. इथे मात्र भाविकांनी देव उचलला तो सुलतानाच्या राज्यात नेण्यासाठी. यामागे आदिलशाहीचे औदार्य होते, तिची गरज होती, की तिकडे कुणाचे लक्षच नव्हते? दख्खनच्या सुलतानशाह्यांमध्ये निरनिराळ्या धर्मांचे, पंथांचे आणि भाषांचे लोक प्रत्यक्षात कसे राहत होते, याबद्दल कागदपत्रांच्या, स्थळांच्या किंवा घरातल्या आठवणींच्या आधारे लिहावे, ही विनंती. आजच्या निवडणुकांसाठी दुसरे धागे आहेत.

सरळसोट
उत्तर सोपे आहे. गोव्यात १५६० साली पोर्तुगिजांची धर्मन्यायसभा (इन्क्विझिशन) बसली, मागे आग लागलेली असताना माणूस समोरच्या घराचा मालक कोण हे विचारत नाही आणि जुवारीपलीकडे जे घर होते ते आदिलशहाचे होते. यावरून त्याला उदारपणाचे प्रशस्तिपत्र देणे म्हणजे पावसात ज्याच्या वळचणीला उभे राहिलो त्याला दानशूर म्हणण्यासारखे आहे. याच आदिलशाहीच्या अफजलखानाने १६५९ साली तुळजापूर आणि पंढरपूर येथे काय केले ते सभासदाने लिहून ठेवले आहे. विजापुरातल्या करीमुद्दीनच्या मशिदीचे खांब कोठून आले हे तर नुसते पाहूनही कळते.

अंत्रुजकर
सरळसोट यांची उपमा आवडली, तथापि तिच्यात एक कालक्रम निसटला आहे. सासष्टी आणि बारदेश हे प्रांत पोर्तुगिजांकडे गेले ते १५४३ साली. म्हणजे कुशस्थळीचा मंगेश, केळशीची शांतादुर्गा, वेर्ण्याची म्हाळसा आणि लोटलीचा रामनाथ ही सगळी दैवते त्यापूर्वी काही दशके आदिलशाही मुलखातच, आपापल्या मूळ स्थानी नांदत होती. स्थलांतर करणाऱ्या गावकऱ्यांना पलीकडचा धनी परका नव्हता, तो त्यांचा आधीचाच धनी होता. त्याचा धारा किती जाचक, त्याचा हवालदार किती लोभी आणि देवळाच्या बाबतीत तो कुठपर्यंत हात घालतो, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते. अनोळखी वळचणीला उभे राहणे आणि पूर्वी राहिलेल्या घरी परतणे यांत फरक आहे.

आमच्या घरच्या परंपरेप्रमाणे देव रात्री होडीतून आले आणि पुढची कित्येक वर्षे साध्या झोपडीवजा जागेत राहिले. आज दिसणारी भव्य देवळे पुष्कळ नंतरची, बहुतांशी अठराव्या शतकातली आहेत.

सरळसोट
पूर्वीचा धनी इतका सोसवणारा होता, तर १५१० साली तिमय्या या स्थानिक हिंदू सरदाराने पोर्तुगीज सेनापती आल्बुकर्कला गोव्यावर चालून येण्याचे आमंत्रण का दिले?

अंत्रुजकर
आमंत्रण दिले ही गोष्ट खरी आहे आणि लोक करांना विटले होते हेही खरे आहे. मात्र पन्नास वर्षांनी त्याच लोकांची नातवंडे उलट दिशेने होडी वल्हवत होती. दोन्ही वेळा त्यांनी जवळचा त्रास टाळला, एवढेच मी म्हणेन. तुमच्या मताच्या मी बराच जवळ आलो आहे, याची मला जाणीव आहे.

दफ्तरखाना
करीमुद्दीनच्या मशिदीबद्दल एक दुरुस्ती. ती १३२० सालची, म्हणजे दिल्लीच्या खलजी स्वारीच्या पाठोपाठची आहे आणि यूसुफ आदिलखानाने विजापुरात बस्तान बसवले ते १४९०च्या सुमारास. देवळाचे खांब मशिदीत लागले हे निर्विवाद आहे, परंतु ते आदिलशाहीच्या खात्यावर मांडता येत नाही. जिंकण्याच्या धामधुमीतील वर्तन आणि बसलेल्या राज्याचे वर्तन यांची नोंद वेगवेगळ्या रकान्यांत झाली पाहिजे.

आता मूळ प्रश्नाकडे. मी काही वर्षे जुन्या कागदांच्या वाचनाचे काम हौसेने करत आहे आणि त्यावरून माझे असे मत झाले आहे की औदार्य हा शब्द आपण बाजूला ठेवावा. पहिल्या इब्राहिम आदिलशहाने गादीवर आल्यावर, म्हणजे १५३४-३५च्या सुमारास, महसुलाचे हिशेब फारसीऐवजी हिंदवीत लिहिण्याची आज्ञा केली आणि ते काम ब्राह्मणांच्या हाती दिले, असे फारसी इतिहासकार फिरिश्ता सांगतो. येथे हिंदवी म्हणजे प्रत्यक्षात मराठी आणि कानडी असा अर्थ घ्यावा लागतो, कारण गावचा कुलकर्णी तेच लिहीत होता. यात परधर्माविषयीचे प्रेम शोधण्याचे कारण नाही. इराणातून आलेल्या अधिकाऱ्यांचे प्रस्थ मोडायचे होते आणि रयतेकडून किती येणे आहे हे ज्याला समजते तो माणूस हाताशी हवा होता. तथापि त्या एका निर्णयाचा परिणाम असा झाला की वरच्या अंगाला फारसी मजकूर आणि खाली त्याचाच मराठी तर्जुमा असे दोन्ही लिप्यांतले कागद गावोगाव पोहोचले. मोडी लिहिणारा हिंदू कारकून 'सीत', 'सबा', 'समान' असे अरबी आकडे घालून शुहूर सन मांडू लागला. ही कालगणना पुढे पेशवाई संपेपर्यंत टिकली. पुण्याच्या दफ्तरातील पत्रात 'छ १५ रज्जब' अशी चंद्रतारीख दिसते तेव्हा ती कुणावर लादलेली नसते, हातवळणी पडलेली असते.

दुसरी गोष्ट महजरांची, म्हणजे गोतसभेच्या निवाड्याच्या कागदांची. वतनाचा तंटा उभा राहिला की गोतसभा बसे आणि तिच्यात देशमुख, देशपांडे, पाटील, बारा बलुतेदार आणि शेटे-महाजन यांच्याबरोबर कसब्याचा काझीही बसे. कागदावर काझीचा शिक्का, पाटलाचा नांगर आणि न्हाव्याचा आरसा एकाच पानावर सापडतात. तंटा बहुधा दोन हिंदू भाऊबंदांमधला असे, दिव्य करायचे तर ते देवळापुढे होई आणि साक्षीला काझी असे. शरियतीचा ग्रंथ उघडून पाहिला तर या दृश्याला त्यात जागा नाही, धर्मशास्त्र उघडले तरी नाही. ते चालू होते, कारण दोन्ही बाजूंना कागद पक्का हवा होता.

नीरेकाठ
दफ्तरखाना यांनी बलुतेदारांचा उल्लेख केला म्हणून लिहितो. माझे आडनाव मुलाणी आहे. आमच्या गावी मुलाणा हा बलुतेदारांच्या मांडीला मांडी लावून बसणारा मनुष्य होता. गावच्या जत्रेत, लग्नात किंवा नवसाला बोकड कापायचा तर तो त्याच्या हातून, कलमा म्हणून, कापला जाई आणि त्याबद्दल त्याला मुंडीचा किंवा ठरलेल्या भागाचा मान असे. माझे आजोबा सुगीत खळ्यावर जाऊन बलुते घेत. मराठा कुळांच्या कुलदैवतापुढचा बोकड मुसलमानाने कलमा म्हणून कापावा, यात कुणालाही काही वावगे वाटत नव्हते. उलट त्याने तो कापला नाही तर मटण गावाला चालत नसे.

मोहरमात पंजे बसत तेव्हा त्यांना खांदा कोणी द्यायचा याचा क्रम ठरलेला होता आणि त्यात पाटलांचा मान पहिला होता. मात्र हे लिहिताना एक स्पष्ट करतो. याला सलोखा वगैरे म्हणून हार घालू नयेत. क्रम चुकला तर पाटील आणि आम्ही कडकडून भांडत असू. तो मानापानाचा व्यवहार होता आणि ज्याच्याशी आपला मानपान अडतो, त्याला गावाबाहेर काढता येत नाही.

खडीसाखर
माझ्या आजोळचे आडनाव पारसनीस आहे. पारसनीस म्हणजे फारसी लिहिणारा. घरात सोवळे इतके कडक की मांजरालासुद्धा स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडण्याची परवानगी नव्हती, पण फारसी मात्र आडनावाला धरून देवघरापर्यंत आली होती.

निळावंती
चर्चा चांगली चालली आहे, तरी आपण सर्वजण वैविध्य म्हणजे हिंदू आणि मुसलमान अशी दोनच माणसे धरून चाललो आहोत आणि माझ्या मते मूळ घोळ तिथेच आहे. दख्खनच्या सुलतानांना ज्या वैविध्याने रात्री झोप येऊ दिली नाही, ते त्यांच्या दरबारातच बसलेले होते.

बहमनी काळापासून दरबारात दोन तट होते. एक दख्खनी, म्हणजे पिढ्यानुपिढ्या इथे राहिलेले, बहुतांशी सुन्नी, दख्खनी बोलणारे. त्यांच्या बाजूला हबशी असत. दुसरा आफाकी, म्हणजे इराण, इराक, तुर्कस्तानाकडून नव्याने येणारे, फारसी बोलणारे, पुष्कळसे शिया. पंधराव्या शतकाच्या मध्यास कोकणातल्या स्वारीतून कसेबसे वाचलेले आफाकी सैनिक पुण्याजवळच्या चाकणच्या किल्ल्यात येऊन राहिले, तेव्हा त्यांना तेथे दख्खनी सरदारांनीच कापून काढले. गीलानहून आलेल्या महमूद गावानाने बीदरला १४७२ साली मदरसा उभारला आणि १४८१ साली बनावट पत्राच्या आधारे त्याचा शिरच्छेद झाला, तोही याच तंट्याचा भाग होता.

आता धर्ममताची उलथापालथ पाहा. विजापुरात यूसुफ आदिलखानाने १५०२-०३च्या सुमारास शिया खुतबा (शुक्रवारच्या नमाजाच्या वेळचे प्रवचन) सुरू केला, पहिल्या इब्राहिमाने तो बंद करून सुन्नी पद्धत आणली, पहिल्या अलीने १५५८ साली पुन्हा शिया पद्धत आणली आणि दुसऱ्या इब्राहिमाच्या राज्यात ती परत बदलली. अहमदनगरचे प्रकरण तर याहून विलक्षण आहे. तिथे शाह ताहिर नावाचा विद्वान आला, तो स्वतः इस्माइली परंपरेतल्या एका शाखेचा इमाम होता. त्याच्या प्रभावाने पहिल्या बुऱ्हाण निजामशहाने १५३७च्या सुमारास बारा इमामांचा शिया पंथ स्वीकारला, तेव्हा शहरात सुन्नींनी उठाव केला. पुढे १५८९ साली जमालखान नावाच्या दख्खनी सरदाराच्या हाती सत्ता आली. तो महदवी होता, म्हणजे जौनपूरच्या सय्यद महंमदाला महदी मानणारा. त्याने दोन वर्षे महदवी मत हेच राज्याचे मत केले आणि आफाकींना हुसकावून लावले. १५९१ साली तो लढाईत पडला आणि शिया खुतबा परत आला. म्हणजे साठ वर्षांच्या आत एकाच शहराच्या मशिदीतून तीन निरनिराळ्या मतांचा खुतबा वाचला गेला. या सर्व काळात गावचा कुलकर्णी मात्र तोच होता.

म्हणून रानवाटा यांच्या प्रश्नाला माझे उत्तर असे आहे: ज्या सुलतानाला शेजारच्या घोड्यावरचा स्वधर्मीय सरदार आपला गळा कापील अशी भीती असते, तो प्रियोळच्या झोपडीत कोणता देव येऊन बसला याची चौकशी करत नाही, आणि मराठा किंवा ब्राह्मण सरदार त्याला सोयीचा वाटतो, कारण तो खुतब्याच्या भांडणात कोणत्याच बाजूने नसतो.

खडीसाखर
याच निजामशाहीचा मूळ पुरुष ब्राह्मण होता ना?

निळावंती
होय. संस्थापक मलिक अहमद याचा बाप मलिक हसन हा विजयनगरच्या मुलखातून युद्धात पकडून आणलेला ब्राह्मण मुलगा होता, असे फिरिश्ता लिहितो. त्याचे पूर्वज पाथरीचे कुलकर्णी होते. त्याचा नातू बुऱ्हाण याने वऱ्हाडच्या इमादशहाकडून पाथरी जिंकून घेतली आणि तेथील वतन आपल्या ब्राह्मण नातलगांना दिले, असेही तो सांगतो. गमतीचा भाग असा की इमादशाहीचा संस्थापकसुद्धा विजयनगरकडून पकडून आणलेला ब्राह्मणच होता.

खडीसाखर
म्हणजे दोन बाटलेल्या ब्राह्मणांच्या वंशजांनी एका कुलकर्णी वतनासाठी तोफा डागल्या. यापेक्षा अस्सल मराठी घटना दुसरी सांगता येणार नाही.

जात्यावरची
मी सोलापूरची. निळावंती यांनी दरबाराचे लिहिले, मला घरातले लिहायचे आहे. विजापूरच्या सूफींनी दख्खनीत चक्कीनामे आणि चरखानामे रचले. जाते दळता दळता, सूत काततांना बायकांनी म्हणावीत अशी ती गाणी होती, ज्यांत जात्याचा खुंटा, त्याची पाळी आणि पडणारे पीठ यांवरून अल्ला, पैगंबर आणि पीर यांची ओळख करून दिलेली असे. आमच्या वाड्यामागे राहणाऱ्या खाला अशी काही गाणी म्हणत आणि माझी आजी ओव्या म्हणे. दोघींचे जाते एकच होते, कारण आमचे जाते टाकी लावायला गेले की दळण त्यांच्याकडे होई. लहानपणी मला त्या दोन गाण्यांची चाल वेगळी काढता येत नसे. ज्या सूफीने हे पहिल्यांदा रचले त्याला धर्म पोहोचवायचा होता हे उघड आहे, पण तो दळणाच्या चालीवर पोहोचवावा लागला.

आणखी एक. दौलताबादेस निजामशाहीच्या चाकरीत असलेले जनार्दनस्वामी हे एकनाथांचे गुरू. त्याच दौलताबादेस चांद बोधले यांची समाधी आहे. हे कादरी परंपरेतले सूफी मानले जातात आणि श्रीगोंद्याचे शेख महंमद त्यांना गुरू म्हणतात. त्या शेख महंमदांनी 'योगसंग्राम' मराठीत लिहिला आणि स्वतःबद्दल म्हटले, 'शेख महंमद अविंध । त्याचे हृदयीं गोविंद ॥'. अविंध म्हणजे ज्याचे कान टोचलेले नाहीत तो. आपल्याकडे मुसलमानाला ओळखण्याची खूण देवाच्या नावावरून न घेता कानाच्या पाळीवरून घेतली गेली, हे मला फार बोलके वाटते.

सरळसोट
संतांच्या बाबतीत वाद नाही. माझे म्हणणे राज्यसत्तेपुरते आहे. संत आणि जाते यांच्या जोरावर आपण सत्तेला माफी देत सुटलो तर अफजलखान पुन्हा बाजूला राहील.

दफ्तरखाना
बाजूला ठेवू नये, पण मग त्याच्या शेजारी मुरार जगदेवालाही उभे करावे. हा आदिलशाहीतला बडा ब्राह्मण सरदार. १६३०च्या आसपास पुणे जाळून, त्यावर गाढवाचा नांगर फिरवला तो त्याच्याच हुकमतीखाली. मंदिरे आणि घरे यांचा त्यात भेद झाला नाही. १६३३ साली याच मुरारपंतांनी भीमा-इंद्रायणीच्या संगमावर नागरगावी हत्तीच्या भारंभार तुला केली आणि ते द्रव्य दान दिले. त्यावरूनच त्या गावाला तुळापूर नाव पडले. पुण्याचे उकिरडे करणारा आणि संगमावर विधिपूर्वक तुला करणारा मनुष्य एकच, धनीही एकच. राजसत्तेची मारझोड कोणत्या धर्माच्या हातून होते यावरून तिचे कारण ठरत नाही, हे त्यावरून दिसते. अफजलखानाच्या स्वारीत धर्माचा आवेश मुळीच नव्हता असे मात्र मी म्हणणार नाही.

बारा कमान
मी विजापुरात राहतो, घरी मराठी, बाहेर कानडी आणि बाजारात दख्खनी बोलतो. दुसऱ्या इब्राहिमाचा उल्लेख अजून पुरेसा झाला नाही, याचे आश्चर्य वाटले. १५८० ते १६२७ अशी त्याची दीर्घ कारकीर्द. त्याने 'किताब-ए-नवरस' नावाने रागवार गीते रचली, ती दख्खनीत आहेत आणि त्यांत सरस्वती, गणपती, पैगंबर आणि गुलबर्ग्याचे सूफी संत गेसूदराज यांचे स्तवन एकाच गायकाच्या तोंडून येते. आपल्या तंबोऱ्याला त्याने मोतीखान असे नाव दिले होते आणि त्याच्यावरही गीते केली. लोक त्याला जगद्गुरू म्हणत. १५९९ साली त्याने शहराच्या पश्चिमेस नवरसपूर वसवायला घेतले. त्याच्याच दरबारात इराणी कवी जुहूरी फारसी प्रस्तावना लिहीत होता, फिरिश्ता इतिहास लिहीत होता आणि हार्लेमहून आलेला कोर्नेलिस हेडा हा डच चित्रकार चित्रे काढत होता.

मात्र पर्यटकांना मी जे सांगत नाही ते इथे सांगतो. नवरस ही दरबाराची आवड होती. राजाला वीणा आवडली म्हणून मिरजेच्या कुणब्याचा धारा कमी झाला नाही. दुसरे असे की त्याचा मुलगा महंमद याच्या राज्यात ती हवा ओसरली. गोलघुमट उभा राहिला, पण सरस्वतीचे स्तवन पुढे चालले नाही. राजाच्या मर्जीवर उभे असलेले वैविध्य राजाबरोबर जाते, गोतसभेतले टिकते. दफ्तरखाना यांच्या महजराला मी म्हणूनच किताबापेक्षा वरचढ मानतो.

नरसोबाच्या वाडीला औरवाड आणि गौरवाड ही गावे आदिलशहाने इनाम दिली, अशी कथा सर्वांना ठाऊक असेलच. शहजादीला दृष्टी आल्याचा भाग भाविकांनी ठेवावा, देवळाला शिखर नाही आणि त्याची घडण मशिदीसारखी वाटते हे प्रत्येकाने जाऊन पाहावे.

दूरदेशी
मी काही वर्षे इस्तंबूलला नोकरीनिमित्त होतो, म्हणून एक तुलना सुचवतो. उस्मानी सुलतानाने १४५३ साली शहर जिंकल्यावर ग्रीक ख्रिस्ती लोकांसाठी गेनादियोस याला धर्मप्रमुख नेमले. १४९२ साली स्पेनमधून हाकललेल्या ज्यूंना दुसऱ्या बायझीदने आश्रय दिला, तेव्हा तेही आपापल्या धर्मगुरूंच्या हाताखाली वस्ती करून राहिले. प्रत्येक समाजाचा विवाह, वारसा आणि पुष्कळसा न्याय त्याच्या धर्मप्रमुखाकडे असे. म्हणजे राज्य माणसाला त्याच्या धर्मावरून ओळखत होते आणि त्या धर्माच्या प्रमुखामार्फत त्याच्याशी बोलत होते.

दख्खनमध्ये असे काही घडलेले दिसत नाही. आदिलशहाने सर्व हिंदूंचा म्हणून कोणी प्रमुख नेमला नाही, कारण असा कोणी पुरुष अस्तित्वातच नव्हता. त्याचे बोलणे देशमुखाशी, पाटलाशी होते. त्यामुळे माणूस आधी गावचा आणि वतनाचा, मग जातीचा आणि त्यानंतर धर्माचा ठरत असे. नीरेकाठ यांचे आजोबा खळ्यावर बलुते घेत होते ते मुसलमान म्हणून नव्हे, मुलाणा म्हणून. हे इस्तंबूलमधल्या ग्रीक माणसाला समजावून सांगणे कठीण गेले असते.

नीरेकाठ
दूरदेशी यांनी माझ्या मनातले नेमके पकडले. फक्त एक पुस्ती जोडतो. खळ्यावरच्या त्याच व्यवस्थेत महार-मांगांची रास सर्वात शेवटी आणि सर्वात दूर पडत असे. सुलतान बदलले, खुतबे बदलले, ती जागा कुणीच बदलली नाही. गोतसभेचे कौतुक करताना महजरावर त्यांची निशाणी पानाच्या कोणत्या टोकाला असते, तेही पाहावे.

दफ्तरखाना
मान्य आहे. निशाणी असते, आणि शेवटी असते.

कोकणी काठ
कोकणातल्या बेने इस्राएल लोकांचे कुणी नाव काढले नाही. जंजिऱ्याच्या सिद्दीच्या मुलखात आणि अलिबागेच्या आसपास ते तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावाने त्यांना शनवार तेली अशी जात देऊन टाकली. धर्म कोणता हे कुणी विचारले नाही, सुट्टीचा वार विचारला. शनवार तेल्यांचा शेजारी सोमवार तेली होता, तो सोमवारी महादेवासाठी घाणा बंद ठेवी. दूरदेशी म्हणतात ते इथेही लागू पडते. सत्ताधीश हबशी मुसलमान, रयत हिंदू, घाणेवाला ज्यू आणि सर्वांची भाषा मराठी.

रानवाटा
सर्वांचे आभार. औदार्य, गरज आणि दुर्लक्ष असे तीन पर्याय मी दिले होते. त्यांत वतन हा चौथा घालायला हवा होता, असे आता वाटते. तरीही मूळ शंका थोडी उरली आहे. औरंगजेबाने १६७९ साली जिझिया पुन्हा बसवला, १६८६ साली विजापूर आणि १६८७ साली गोवळकोंडा घेतले. गोवळकोंड्याच्या मादण्णा आणि आकण्णा या ब्राह्मण कारभाऱ्यांचा त्याआधीच खून झाला होता. म्हणजे व्यवस्था इतकी सवयीची असूनही वरून धोरण बदलले की ती हादरत होतीच. मग १५६० साली नदी ओलांडणाऱ्यांनी एवढा भरवसा कशाच्या बळावर ठेवला?

अंत्रुजकर
भरवसा ठेवला असे मला वाटत नाही. त्याचे कारण मंगेशाऐवजी सप्तकोटेश्वराकडे पाहिले तर कळेल. हे गोव्याच्या कदंब राजांचे कुलदैवत दिवाडी बेटावर होते. चौदाव्या शतकात बहमनी फौजांनी ते देऊळ पाडले. विजयनगरचा गोव्यावर अंमल बसल्यावर माधव मंत्र्याने ते पुन्हा उभारले. सोळाव्या शतकाच्या मध्यास पोर्तुगिजांनी ते पुन्हा पाडले, तेव्हा भाविकांनी लिंग मांडवीपलीकडे डिचोलीच्या बाजूला नार्व्याला नेले आणि तो मुलूख त्या वेळी आदिलशाहीचा होता. म्हणजे ज्या बहमनी राज्याने देऊळ फोडले, त्याच्याच फुटीतून निघालेल्या राज्यात दोनशे वर्षांनी तोच देव आश्रयाला गेला. पुढे १६६८ साली शिवाजी महाराजांनी नार्व्याचे देऊळ बांधण्याची आज्ञा केली, तोपर्यंत तो तिथे शंभरावर वर्षे राहिला होता.

ज्यांनी लिंग उचलले त्यांच्या घराण्यांत बहमनी विध्वंसाची आठवण पुसली गेली असेल, असे मानण्याचे कारण नाही. ती आठवण असूनही ते गेले. सुलतानाचा धर्म कोणता हे त्यांना माहीत होते, पण नार्व्यात कोणता देसाई आहे, कोणाची सोयरीक आहे आणि कोणाच्या भाटात (माडाच्या बागेत) चार दिवस लिंग झाकून ठेवता येईल, हे त्यांना त्याहून जास्त माहीत होते.

सरळसोट
हे पटले. वळचणीची उपमा मी मागे घेतो. बहमन्यांनी देऊळ पाडले, ते मात्र मागे घेत नाही.

अंत्रुजकर
ते मागे घ्यावे असे कुणीही म्हटलेले नाही.

रानवाटा
पुढच्या खेपेस नार्वे पाहायचे ठरवले आहे. पणजीहून जाण्याचा सोयीचा रस्ता कोणता?

अंत्रुजकर
जुन्या गोव्याहून फेरीबोटीने दिवाडीला यावे, मूळ देवळाची जागा पाहावी आणि बेटाच्या दुसऱ्या टोकाहून नार्व्याची फेरी घ्यावी. मांडवीचे ते पात्र अरुंद आहे, पाच-दहा मिनिटांत पलीकडे उतरता. देवही त्याच बाजूने गेला असणार. श्रावणात गेलात तर गोकुळाष्टमीला नार्व्याला मोठी गर्दी असते, तेव्हा सकाळची पहिली फेरी गाठावी.